शिंक, डुलकी आणि आठवण

शिंकेला आपल्याकडे पूर्वापार मोठा मान. मुलगी पाहायला निघालेली मंडळी उंबऱ्यावर असताना घरातले कोणी शिंकले, की सगळ्यांनी चपला काढून परत आत यायचे, घोटभर पाणी प्यायचे आणि मगच बाहेर पडायचे. हल्ली शिंकेचा शकुन पाहायला कोणाला सवड नाही. दोन शिंका लागोपाठ आल्या, की पावले मेडिकलच्या दुकानाकडे वळतात. 'सर्दीची गोळी द्या' एवढे म्हटले की पुरते. कोणती गोळी, हे आपण विचारीत नाही आणि दुकानदारही सांगत बसत नाही. गोळी पोटात जाते, तासाभरात नाक कोरडे पडते आणि त्याबरोबर पापण्याही जड होऊ लागतात. 'गोळीनं गुंगी येतेच' असे म्हणून आपण चादर ओढून घेतो.

या गुंगीविषयीच यंदा लिहायचे योजिले आहे. नाकासाठी घेतलेल्या गोळीने डोके का झोपावे? प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर शोधता शोधता शास्त्रज्ञ थेट माणसाच्या स्मरणशक्तीपर्यंत जाऊन पोचले. या सदराचे नेहमीचे वाचक म्हणतील, शब्दांच्या गोष्टी सांगणाऱ्या मराठीच्या मास्तराने रसायनांच्या वाटेला कशाला जावे? परंतु मुलांच्या लक्षात काही राहावे यावरच ज्याचा चरितार्थ चालतो, त्याने लक्षात राहणे म्हणजे काय याची थोडी चौकशी केली, तर तो अगदीच अव्यापारेषु व्यापार ठरू नये.

या गोष्टीतल्या मुख्य पात्राचे नाव हिस्टामिन. आपल्या शरीरातच तयार होणारे हे एक लहानसे रासायनिक द्रव्य आहे. डाळी, दूध, अंडी यांतून मिळणाऱ्या हिस्टिडिन नावाच्या घटकापासून शरीर ते बनवते. धूळ, परागकण किंवा मधमाशीचा डंख असे काही परके अंगाला भिडले, की त्वचेतल्या आणि नाकातल्या काही विशिष्ट पेशी आपल्याजवळ साठवलेले हिस्टामिन मोकळे सोडतात. मग बारीक रक्तवाहिन्या फुगतात, नाक वाहू लागते, खाज सुटून अंगावर गांधी उठतात. अशा गांधी उठल्या की घरातली आजी म्हणे, 'पित्त उठलंय गं पोरीला', आणि आमसुलाचे पाणी अंगाला चोळी. गंमत अशी, की जेवणानंतर घशाशी आंबट आले तरी आपण 'पित्त झालंय' असेच म्हणतो. त्वचेवरच्या गांधी आणि पोटातले आम्ल या दोघांना भाषेने एकाच शब्दात का बसवले असावे, याचे मला नेहमी कुतूहल वाटे. योगायोग म्हणा, पण जठरात आम्ल स्रवण्याचा एक हुकूम हिस्टामिनकडूनच सुटतो. तो हुकूम अडवणारे सिमेटिडिन हे औषध १९७६ साली बाजारात आले आणि त्यामागचे संशोधक जेम्स ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आयुर्वेदातल्या पित्ताशी हिस्टामिनचे नाते जोडण्याचा माझा मुळीच हेतू नाही. भाषेने दोन तक्रारी एका दावणीला बांधल्या आणि त्या दोन्हींत एकाच द्रव्याचा हात निघाला, एवढीच नोंद करून ठेवतो.

नावाविषयीही दोन शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. 'हिस्टॉस' हा ग्रीक शब्द. त्याचा मूळ अर्थ माग, आणि त्यावरून मागावर विणलेले कापड. शरीरात पेशींचे जे विणकाम असते, त्याला युरोपातल्या वैद्यकाने हा शब्द लावला. आपल्या शास्त्रीय परिभाषेत त्याच विणकामाला 'ऊती' म्हणतात, आणि ऊती या शब्दाच्या पोटातही संस्कृतातला विणण्याचाच धातू आहे. 'ओतप्रोत' म्हणताना आपण नकळत तोच उभा-आडवा धागा ओढतो. तेव्हा हिस्टामिन म्हणजे विणकामात सापडलेले द्रव्य. कापसाच्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला हे नाव आपलेसे वाटावे यात नवल नाही.

हे द्रव्य १९०७ साली जर्मनीत प्रयोगशाळेत बनवले गेले. पण त्याची करणी उजेडात आणली ती हेन्री डेल यांनी. १९१० च्या सुमारास लंडनमध्ये ते आणि त्यांचे सहकारी राय नावाच्या धान्यावर पडणाऱ्या एका बुरशीचा अभ्यास करीत होते. आपल्याकडे बाजरीच्या कणसावर अरगट पडतो, त्याच कुळातली ही बुरशी. तिच्यात त्यांना हिस्टामिन सापडले. हे द्रव्य जनावराला टोचले तर रक्तदाब घसरतो, श्वासनलिका आवळतात, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे १९१४ साली डेल यांनी याच बुरशीतल्या आणखी एका द्रव्याची ओळख जगाला करून दिली. त्याचे नाव अ‍ॅसिटिलकोलिन. मज्जातंतू आपला निरोप पुढे पोचवतात तो अशा द्रव्यांच्या मार्फत, या शोधासाठी डेल यांना ऑटो लोवी यांच्यासह १९३६ चे नोबेल मिळाले. या दुसऱ्या द्रव्याची गाठ आपल्याला पुढे पुन्हा पडायची आहे.

हिस्टामिन मात्र खाज आणणारे, शिंका काढणारे द्रव्य म्हणूनच बदनाम झाले. १९३७ साली पॅरिसमध्ये डॅनियल बोव्हे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला अडवणारे पहिले औषध शोधून काढले, आणि त्यानंतर अशा औषधांची रांगच लागली. बोव्हे यांनाही १९५७ साली नोबेल मिळाले. रोग्यांची नाके थांबली, खाज थांबली. पण रोगी जागच्या जागी पेंगू लागले. हा औषधाचा दोष समजला गेला आणि गोळीच्या पाकिटावर 'वाहन चालवू नये' अशी सूचना आली. वस्तुतः तो दोष म्हणजे एक पुरावाच होता. ज्याला अडवले असता झोप येते, ते मेंदूत बसून माणसाला जागे ठेवण्याचे काम करीत असले पाहिजे, असा तो सरळ तर्क होता.

मेंदूत असे जागे ठेवणारे ठाणे आहे, असा अंदाज एका वैद्याने पुष्कळ आधी बांधला होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपात एक विचित्र साथ आली. तिच्यातले कित्येक रोगी दिवसेंदिवस झोपूनच राहत. व्हिएन्नाचे डॉक्टर कॉन्स्टंटिन फॉन इकोनोमो यांनी दगावलेल्या रोग्यांचे मेंदू तपासले, तेव्हा झोपाळू रोग्यांच्या मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या भागाच्या मागच्या बाजूला इजा झालेली आढळली. म्हणजे जागेपणाची गादी तिथे असली पाहिजे, असे त्यांनी मांडले. पुढे जवळजवळ सात दशकांनी, १९८४ साली, जपानमधील आणि अमेरिकेतील संशोधकांनी हिस्टामिन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी नेमक्या कुठे आहेत हे हुडकून काढले. त्या निघाल्या हायपोथॅलॅमसच्या त्याच मागच्या भागात.

या पेशींची संख्या ऐकली की आश्चर्य वाटते. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत असा हिशेब आहे. त्यांत हिस्टामिनवाल्या पेशी सुमारे ६४ हजार. म्हणजे आमच्या पुसद-वणीसारख्या गावाची वस्ती असावी तेवढ्याच. पण या मूठभर पेशींचे तंतू मेंदूच्या जवळजवळ सगळ्या मुलखात पसरलेले असतात. आपण जागे असतो तेव्हा, आणि विशेषतः कान टवकारून कशाकडे तरी लक्ष देत असतो तेव्हा, या पेशी सारख्या हाका देत राहतात; आपल्याला झोप लागली की त्या गप्प होतात.

आमच्या यवतमाळकडे 'जागल' म्हणून एक शब्द आहे. पीक तयार होऊ लागले, की रानडुकरे आणि रोही रात्रीतून शेत उजाड करतात. म्हणून घरातल्या एका माणसाने रात्री शेतातल्या माळ्यावर बसायचे, मधूनमधून आरोळी ठोकायची, डबा बडवायचा, शेकोटीत लाकूड सारायचे. याला जागलीला जाणे म्हणतात. जागल करणारा स्वतः पेरीत नाही, कापीत नाही. पण तो पेंगला तर पेरलेले आणि वाढलेले सारे मातीमोल. हिस्टामिनच्या त्या ६४ हजार पेशी म्हणजे मेंदूच्या शेतातली जागल होय. शिकण्याची पेरणी दुसरीकडे होते, साठवणीची कोठारे दुसरीकडे आहेत. पण माळ्यावरची हाक बंद पडली, की पेरलेले रुजत नाही.

ही नुसती उपमा नाही, हे दाखवणारे प्रयोग झाले आहेत. इटली आणि ब्राझील येथील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग सांगतो. उंदराला एका चौथऱ्यावर ठेवायचे. तो खाली उतरला की पायाला विजेचा हलका चटका बसतो. शहाणा उंदीर हे ध्यानात ठेवतो आणि पुन्हा चौथऱ्यावर ठेवले तर उतरायला कचरतो. ज्या उंदरांच्या मेंदूतले हिस्टामिन औषधाने आटवले होते, त्यांचे वर्तन मोठे बोलके ठरले. चटका बसल्यावर थोडाच वेळ गेला असता त्यांना तो आठवत होता. पण नंतर, जेव्हा आठवण पक्की व्हायला हवी तेव्हा, पाटी कोरी. तात्पुरती आठवण होती, टिकाऊ आठवण झालीच नव्हती. पुढचा भाग आणखी नवलाचा. चटक्यानंतर सहा तासांपर्यंत मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात हिस्टामिन बाहेरून सोडले, तर हरवलेली आठवण पुन्हा बसवता येत होती. धडा संपल्यानंतरही मेंदूत त्याचे काम कितीतरी वेळ चालू असते, हे यावरून दिसते. उंदराचा नियम माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, हे खरे. तरी तास संपल्याची घंटा झाली म्हणजे शिकणे संपले, असे समजणाऱ्या आम्हां मास्तरांनी हा प्रयोग टिपून ठेवण्यासारखा आहे.

आठवण साठवण्यात हिस्टामिनचा हात आहे, तसाच ती बाहेर काढण्यातही असावा. टोकियो आणि होक्काइदो येथील संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३८ माणसांना पुष्कळशी चित्रे दाखवली. मध्ये काही दिवस जाऊ दिले. मग कोणती चित्रे आधी पाहिली होती, ते ओळखायला सांगितले. एकदा साधी खोटी गोळी देऊन आणि एकदा बीटाहिस्टीन नावाचे औषध देऊन. हे औषध चक्कर येण्यावर आपल्याकडेही डॉक्टर देतात. मेंदूत हिस्टामिनच्या सुटण्यावर एक लगाम असतो. हे औषध तो सैल करते. निष्कर्ष असा, की जी चित्रे विसरल्यात जमा होती, त्यांतली काही औषधाने पुन्हा ओळखता आली. याचा अर्थ, ती पुसली गेलीच नव्हती. ती आत कुठे तरी निजली होती, आणि हाक वाढल्यावर उठून बसली.

इथे मला आपली भाषा आठवते. मराठीत आठवणी 'जाग्या' होतात. आपण त्या 'जागवतो'. आणि विसरू नकोस असे सांगताना आपण 'लक्षात ठेव', 'ध्यानात ठेव' म्हणतो. लक्ष आणि ध्यान हे मुळात अवधानाचे शब्द. आठवणीसाठी आपण तेच वापरतो. ज्याकडे लक्ष गेले ते लक्षात राहिले, ज्याचे ध्यान धरले ते ध्यानात राहिले, असा हा हिशेब आहे. हे शब्द घडवणाऱ्यांना मेंदूतल्या पेशींची कल्पना नव्हती. पण लक्ष, जाग आणि आठवण ही एकाच घरची माणसे आहेत, हे त्यांनी रोजच्या अनुभवावरून ओळखले होते. नरकचतुर्दशीच्या पहाटेचे ते गार पाणी, उटण्याचा वास आणि दाराशी वाजलेला पहिला फटाका साठी उलटलेल्या माणसालाही कालच्यासारखा का आठवतो, याचे निदान एक कारण यात असेल. त्या पहाटे अंगाचा कण न् कण जागा असतो.

हे वाचून कोणी बीटाहिस्टीनची चिठ्ठी लिहून घ्यायला निघाला असेल, तर त्याने क्षणभर थांबावे. टोकियोच्या प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग सांगायचा राहिला आहे. ज्यांची आठवण आधी कच्ची होती, त्यांना औषधाचा फायदा झाला. ज्यांची मुळातच चांगली होती, त्यांची कामगिरी उलट घसरली. काळ्या मातीत रुतलेल्या बंडीला मागून खांदा लावला तर ती निघते. नीट चाललेल्या बंडीला तसाच रेटा दिला तर ती वाट सोडते. शिवाय माणसे अवघी ३८, आणि दिलेली मात्राही नेहमीपेक्षा मोठी. हिस्टामिनचा लगाम सैल करणारे पिटोलिसंट नावाचे औषध दिवसा अनावर झोप येण्याच्या एका रोगावर युरोपात २०१६ साली आणि अमेरिकेत २०१९ साली मान्य झाले आहे. पण म्हातारपणच्या विस्मृतीवर याच जातीच्या औषधांच्या ज्या चाचण्या झाल्या, त्यांनी आशा पुरी केली नाही. परीक्षेच्या आधी घ्यायची स्मरणशक्तीची गोळी अजून कोणी बनवलेली नाही, आणि दुकानात तशी म्हणून जी मिळते तिच्यावर पैसे घालवू नयेत.

सगळा खेळ मात्रेचा आहे. वृत्त शिकवताना आम्ही मात्रा मोजतो. एक चुकली की ओळ लंगडते. वैद्याची मात्रा चुकली तर माणूस लंगडतो, आणि कधी कधी उठतही नाही. मघाशी त्या बुरशीतल्या दुसऱ्या द्रव्याला, अ‍ॅसिटिलकोलिनला, मी थांबवून ठेवले होते. शिकणे आणि आठवणे यांत त्याचाही मोठा वाटा आहे. काम झाले की ते ताबडतोब झाडून टाकणारे एक विकर शरीरात असते. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशके नेमके त्या विकराला निकामी करतात. मग अ‍ॅसिटिलकोलिन साचत जाते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, लाळ गळते, स्नायू थरथरतात, श्वास कोंडतो. २०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्याने हे प्रत्यक्ष पाहिले. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. तेव्हा फवारलेल्या औषधांत या जातीची कीटकनाशकेही होती. ज्या द्रव्यावाचून मेंदूला एक शब्द आठवत नाही, तेच मात्रेबाहेर गेले असता जीव घेते. मेंदूतल्या रसायनांची गोष्ट ही पुस्तकातली गोष्ट नव्हे, हे या जिल्ह्याला कोणी वेगळे सांगायला नको.

आता पुन्हा आपल्या सर्दीच्या गोळीकडे येऊ. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये निसर्गाने एक कडक नाके बसवले आहे. पूर्वीच्या जकात नाक्यावर जशी गाडी अडवीत, तसे तिथे बहुतेक परके द्रव्य अडवले जाते. रक्तातले हिस्टामिनही त्या नाक्यातून आत जाऊ शकत नाही. मेंदू आपल्यापुरते स्वतःच बनवतो. म्हणून अंगावर कितीही गांधी उठल्या तरी त्याने बुद्धी तल्लख होत नाही. परंतु सर्दीच्या जुन्या गोळ्या हे नाके सहज ओलांडतात. क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, डायफेनहायड्रामिन ही त्यांतली ओळखीची नावे. आपल्याकडच्या सर्दी-तापाच्या पुष्कळशा मिश्र गोळ्यांत यांपैकी एखादे असते. जपानमधील तोहोकू विद्यापीठात जिवंत माणसाच्या मेंदूची चित्रे घेऊन पाहिले, तेव्हा अशा जुन्या औषधांच्या नेहमीच्या मात्रेने मेंदूतली हिस्टामिनची निम्मी किंवा त्याहून अधिक दारे अडवल्याचे दिसले. शिवाय यांतल्या बऱ्याच गोळ्या अ‍ॅसिटिलकोलिनच्याही आड येतात. म्हणजे एकाच गोळीने माळ्यावरचा जागल्या निजतो आणि कोठाराचा कारकूनही. वयोवृद्धांना या जुन्या गोळ्या शक्यतो देऊ नयेत, असे अमेरिकेतल्या वार्धक्यतज्ज्ञांच्या संस्थेने सांगून ठेवले आहे. घरातले आजोबा 'अलीकडे फार विसरतात' असे वाटले, तर ते रोज रात्री कोणती गोळी घेतात हे एकदा डॉक्टरांना दाखवावे. कारण तेच असेल असे नाही. पण विचारायला काही खर्च येत नाही.

मुलांच्या बाबतीत तर याचा हिशेब गुणपत्रिकेतच उमटलेला आहे. इंग्लंडमध्ये १५ ते १७ वर्षांच्या १,८३४ विद्यार्थ्यांची पाहणी करण्यात आली. ती २००७ साली प्रसिद्ध झाली. हिवाळ्यातल्या सराव परीक्षेपेक्षा उन्हाळ्यातल्या मुख्य परीक्षेत ज्यांची श्रेणी खाली आली, अशा मुलांमध्ये परागकणांच्या सर्दीने बेजार झालेली मुले अधिक निघाली. आणि गुंगी आणणारी गोळी घेतलेल्या मुलांच्या बाबतीत श्रेणी घसरण्याची शक्यता सुमारे १.७ पट दिसली. ध्यानात घ्यावे, की नुसत्या सर्दीनेही नुकसान होतेच. तेव्हा औषध टाकून देऊन शिंकत बसणे हा काही उपाय नव्हे. नाक्यापाशीच थांबणारी फेक्सोफेनाडिनसारखी नव्या पिढीची औषधे आहेत. आपल्या मुलाला कोणते चालेल, हे डॉक्टरांना विचारावे. मेडिकलच्या दुकानात नुसती 'सर्दीची गोळी' मागणाऱ्याला मात्र जे हाताशी असेल तेच मिळते.

आमच्या भागात दिवाळीच्या सुमाराला कपाशी फुटते, जिनिंगची धूळ उडते, पावसाने माजलेले गाजरगवत अजून बांधाबांधावर उभे असते. महाविद्यालयाची पहिली सत्र परीक्षाही याच दिवसांत. सकाळच्या तासाला पुढच्या बाकांवर शिंका आणि मागच्या बाकांवर डुलक्या, असा वर्ग मी कित्येक वर्षे पाहत आलो आहे. डुलकी घेणाऱ्याला उठवून विचारले तर उत्तर बहुधा ठरलेले असते. 'सर, रातच्यानं जागलीले होतो जी.' आणि परीक्षेनंतर विचारले तर, 'वाचतो जी सर, पण ध्यानात नाही राहत.' घरी हेच पोरगे 'डोक्यानं ढ' ठरते. पहाटे कापूस वेचून एसटीने वीस मैल येणारी मुलगीही त्याच रांगेत बसते. रात्रीची वीज असली तर ओलिताला जाणारा मुलगाही तिथलाच. यांना आम्ही बुद्धीचा दाखला देतो, आणि तो देताना यांच्या मेंदूतली जागल किती तास राबते आहे याची चौकशी करीत नाही. मेंदूतल्या त्या पेशींनाही रात्रीची रजा लागते. झोपेत त्या गप्प बसतात आणि तेवढ्यात दिवसभराचे धान्य कोठारात लावले जाते. ज्याला ती रजाच मिळत नाही, त्याचा माळा दिवसा ओस पडणारच.

अशा मुलांसाठी मास्तराला फार काही करता येते असे नाही. रानडुकरांचा बंदोबस्त माझ्या हातात नाही आणि विजेचे वेळापत्रकही नाही. पण कविता शिकवायचा तास पहिला न ठेवता तिसरा ठेवता येतो. जागलीच्या दिवसांत गृहपाठाची तारीख आठवडाभर पुढे ढकलता येते. संध्याकाळच्या गाडीपूर्वी दहा मिनिटे सकाळच्या पाठाची उजळणी घेता येते. यातले जेवढे जमते तेवढे मी हल्ली करतो. घरच्या मंडळींनाही यातले काही करण्यासारखे आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री 'जाग, अजून एक धडा कर' म्हणण्याऐवजी दिवा मालवावा. गोळी देण्याआधी तिचे नाव वाचावे. आणि पोरगे विसरते म्हणून त्याच्या डोक्याला नावे ठेवण्यापूर्वी ते काल रात्री किती झोपले, हे विचारावे.

नुकतीच कोजागरी झाली. 'को जागर्ति' म्हणजे कोण जागे आहे, असे विचारीत लक्ष्मी त्या रात्री घरोघर फिरते, अशी आपली समजूत. जो जागा सापडेल त्याला ती धन देते म्हणतात. आमच्या जिल्ह्यातल्या शेतात वर्षातल्या कितीतरी रात्री तिला जागी माणसे सापडतील, आणि त्यांत पुष्कळशी शाळा-महाविद्यालयांत नाव घातलेली पोरे असतील. त्यांच्या पदरात लक्ष्मीने काय टाकावे, ते तिचे ती पाहील. सरस्वतीच्या दारात मात्र त्यांना विस्मरणाचा दंड होऊ नये, एवढे पाहणे आपल्याकडे आहे. या दिवाळीच्या सुटीत घरी आलेल्या प्रत्येक मुलाला चार दिवस पोटभर झोपू द्या. पहाटेच्या अभ्यंगस्नानाला तेवढे उठवा, कारण ते त्याच्या जन्मभर लक्षात राहणार आहे.